नारळ तळ्याकडे का गेला

शेषरावचं पत्र येऊन अठरा दिवस झाले होते आणि श्यामरावांचं उत्तर अजून 'बहुधा' या शब्दापाशीच अडलं होतं. पोलाद कारखान्याच्या वाचनालयात पंचवीस वर्षं पुस्तकं सांभाळलेला हा माणूस. घड्याळात किती वाजले, हेसुद्धा दोन घड्याळं पाहून सांगायचा.

बालमित्रानं चिचगडहून लिहिलं होतं : "तुमच्या भिलाईच्या टंकीबाबांकडून मागच्या महिन्यात गाडीत शंख फुंकून आणला. आता एका लीटरात चाळीस किलोमीटर जाते म्हणतात. धाकट्या सुनेचे दिवस भरत आले. भंडाऱ्याचा दवाखाना शंभर किलोमीटर, मधात जंगल. टाकीत तीन लीटर ठेवले आहेत. पुरतील ना? तू पुस्तकं वाचलेला माणूस."

"त्या पोरीले कळा सुरू झाल्यावर पाठवाल का उत्तर?" पत्नी कलावतीबाईंनी विचारलं, तेव्हा श्यामरावांनी छत्री उचलली.

जामुल रस्त्यावरच्या तळ्याकाठी टंकीबाबांची जत्रा भरायची. सकाळी गाड्या उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या. बाबा प्रत्येक टाकी काठोकाठ भरवत, तिच्या तोंडाला शंख लावून फुंकत. आतून घुमलं की बायका हात जोडत. टाकी ॐ म्हणाली, असं सगळ्यांचं मत होतं. मग चाकापुढे नारळ ठेवत. मग अहिवाऱ्याकडे चाळीस किलोमीटरची फेरी, आणि संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे तोंड करून पुन्हा नारळ, टाकी पुन्हा काठोकाठ. लागायचं एकच लीटर.

"पेट्रोल इंजिन में नहीं जलता, भक्त, शंका में जलता है," बाबा सांगत. श्यामरावांना वाटलं, तसं असेल तर आपण एकट्यानं एक टँकर जाळला असेल.

त्यांना चमत्कारातलं काही कळलं नाही. फक्त नारळ दिसला. सकाळी तो घरंगळून ड्रायव्हरच्या बाजूला गेला. संध्याकाळी घरंगळला तो पेट्रोलच्या झाकणाच्या बाजूला. दोन्ही वेळा गेला मात्र तळ्याकडेच.

घरी येऊन त्यांनी तेलाची किटली घेतली. तोटी वर करून भरली, मग तोटी खाली केली. ओटा तेलकट झाला.

"तेलाशी कावून खेळून राहिले तुम्ही?" कलावतीबाई म्हणाल्या.

"उतार," श्यामराव म्हणाले. "बहुधा."

दुसऱ्या दिवशी सुखराम टॅक्सीवाल्याची पाळी होती. टाकी भरली, शंख झाला, झाकण लागलं. श्यामराव तीनदा पुढे गेले आणि तीनदा मागे आले. चौथ्यांदा त्यांनी हळूच विचारलं, गाडी कुठंही न नेता नुसती उलट्या तोंडानं उभी केली तर? बाबा कडाडले, की सूर्यदेवाला पाठ दाखवशील तर इंजिन फुटेल. सुखरामचं इंजिन तसंही दर आठवड्याला फुटायचं. त्यानं गाडी फिरवली.

श्यामरावांनी सगळ्यांच्या विड्या विझवायला लावल्या, घमेलं धरलं आणि झाकण उघडलं. भळाभळा तीन लीटर पेट्रोल बाहेर आलं.

मग लोक बाबांच्या पायावर पडले. गाडी हललीसुद्धा नव्हती आणि पेट्रोल देऊन राहिली होती! कोणी घरून डबे आणायला पळालं. बाबांनीही सावरून डोळे मिटले आणि कामधेनू प्रसन्न झाल्याचं जाहीर केलं.

श्यामरावांना घरी जावंसं वाटलं. पण शेषरावची सून आठवली. "पुन्हा फिरवा," ते म्हणाले, आणि आपल्या आवाजाला स्वतःच दचकले.

गाडी पूर्वेकडे झाली. तेच तीन लीटर टाकीत निमूट मावले. पश्चिमेकडे केली, बाहेर आले. सुखरामनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे.

"लोटा आय, महाराज," तो बाबांना म्हणाला. "तिरछा करबे त गिरबेच करही."

लोटा तिरका केला की सांडणारच, आणि इथं तर जमीनच तळ्याकडे उतरती होती. सकाळी टाकीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला यायचं, तेव्हा पेट्रोल जास्त मावायचं. संध्याकाळी तेच तोंड खालच्या बाजूला, म्हणून टाकी लवकर काठोकाठ दिसायची. फेरीत जळायचे चार लीटर. त्यातले तीन उतार लपवायचा. डबे घेऊन आलेले लोक डबे पाठीमागे लपवून उभे राहिले. दुपारच्या बसनं बाबा गेले. शंख पिशवीत होता. कंडक्टरनं त्याचंही सामानाचं तिकीट फाडलं म्हणे.

श्यामरावांनी त्याच दुपारी लिहिलं :

"शेषराव, टाकी आजच काठोकाठ भर. तीन लीटरवर गाडी जंगलातच थांबेल. सून-बाळ सुखरूप घरी आले की मग मोज. सपाट जागा पाहा, चाकांपाशी चुन्याची खूण कर, टाकी भर. दोनशे किलोमीटर चालव. गाडीचा मीटर रस्त्यावरच्या दगडांशी ताडून घे. परत त्याच खुणेवर, त्याच दिशेला तोंड करून टाकी भर. जेवढे लीटर लागतील त्यांनी किलोमीटरना भाग दे. असं तीनदा कर. दहाच्या आसपास येईल. पण मी वाचलेला आहे म्हणून माझं ऐकू नकोस. कोणाचंच तसं ऐकू नकोस. मोजून पाहा."

पत्र दोनदा वाचलं. 'बहुधा' कुठं नव्हतं. चौकातल्या लाल पेटीत त्यांनी ते टाकलं, आत पडल्याचा आवाजही ऐकला. तरी वाकून पेटीच्या फटीत एकदा पाहिलं, आणि मगच घरी गेले.