मोळीतली वरची काडी

तिसरीच्या वर्गाला एकक, दशक, शतक समजावून देण्याचे जेवढे उपाय प्रतिभाला ठाऊक होते, तेवढे सगळे करून झाले होते. तीन मुलांच्या गळ्यात आकड्यांच्या पाट्या अडकवून त्यांना तीन जागांवर उभं केलं, तर शतकाच्या जागेसाठी रितेश हमरीतुमरीवर आला. "तिथं उभं राहिलं की किंमत वाढते ना, मॅडम!" चिंचोके आणले, ते मुलांनी शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या गोदाबाईंच्या चुलीत भाजून खाल्ले. रबरबँड आणले, ते वर्गभर उडू लागले. शेवटी तिने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मागवल्या, वीतभर लांबीच्या काड्या करवून घेतल्या आणि केळीच्या वाळल्या सालीच्या पट्टीने दहा-दहाच्या मोळ्या बांधायला लावल्या. सुटी काडी म्हणजे एकक, मोळी म्हणजे दशक, दहा मोळ्यांचा भारा म्हणजे शतक. पऱ्हाटी कोणी खात नाही आणि ती उडतही नाही.

हा उपाय लागू पडला. बत्तीस आणि तीनशे दोन यांत काही फरक असतो हे ज्या मोनालीला वर्षभर पटलं नव्हतं, तीसुद्धा मोळी सोडायला आणि बांधायला शिकली. हळू करायची, जीभ दातांत धरून करायची, पण करायची.

हेडमास्तर सुधाकर सरांना मात्र हा नुसता कचरा वाटत होता.

"मॅडम, तुम्ही बीएस्सी झालात म्हणून वर्गाची प्रयोगशाळा करायची का? पाढे घ्या, हातचा घ्या, विषय खतम." आणि काल तर त्यांनी शेवटचंच सांगून टाकलं. "उद्या जनशिक्षक शाळा तपासायला येताहेत. त्यांच्यासमोर तुमच्या काड्यांनी घोळ घातला, तर तिसरीचं गणित माझ्याकडे. तुम्ही चित्रकला घ्या."

म्हणून काल शाळा सुटल्यावर प्रतिभाने प्रत्येक मोळी स्वतः मोजून, बांधून टेबलावर रचून ठेवली. उरलेल्या काड्यांचा ढीग कोपऱ्यात लावला. सकाळी येऊन बघते तो कोपरा झाडून लख्ख. ढीग गायब.

"गोदाबाई, कोपऱ्यातल्या काड्या चुलीत घातल्यात ना?" तिने व्हरांड्यातूनच विचारलं.

गोदाबाई डाळ निवडत होत्या. "न्हाई वं मॅडम, चुलीत कशाला घालीन? कामी लावल्या."

कामी म्हणजे चुलीच्याच कामी, असं मनाशी म्हणत प्रतिभाने सुस्कारा टाकला. भांडायला वेळ नव्हता. फाटकाशी जनशिक्षकांची मोटारसायकल लागली होती.

जनशिक्षक भूपेंद्र सर आत आले ते मोबाइल उगारूनच. आधी मोळ्यांचे फोटो झाले, मग मुलांचे, मग मुलांसह मोळ्यांचे. "बहुत बढिया! आता कोण करून दाखवणार?"

रितेशचा हात छताला लागायचा बाकी होता. भूपेंद्र सरांनी नेमकं मोनालीला उठवलं.

"बेटा, बावन्नमधून सात काढ."

"पंचेचाळीस!" रितेश बसल्या जागेवरून ओरडला.

"तुला विचारलं का?" प्रतिभा म्हणाली. हे वाक्य ती दिवसभरात इतक्यांदा म्हणत असे, की तिला ते झोपेतही येत असावं.

मोनालीने पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक मोळी सोडली. सगळं अगदी शिकवल्यासारखं. प्रतिभाचा श्वास जरा मोकळा झाला. मोनालीने सात काड्या बाजूला सारल्या, उरलेल्या मोजल्या आणि ठामपणे सांगितलं, "सेहेचाळीस."

वर्ग फिदीफिदी हसला.

"बघा!" सुधाकर सर दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख असं काही नव्हतं. "तोंडी करणाऱ्याचं बरोबर आलं, आणि काड्यावालीचं चुकलं. मॅडम, मी काय सांगत होतो?"

प्रतिभाची कानशिलं तापली. मोनालीचं मोजणं तिने पाहिलं होतं. एकही काडी सुटली नव्हती. मग चुकलं कुठे?

"मोनाली, पुन्हा मोज."

"मी बरोबर मोजलंय."

"अगं, पण पुन्हा मोज ना!"

मोनालीने गाल फुगवले. बाजूला सारलेल्या सात काड्या तिने परत ओढल्या आणि सगळ्या एकत्र केल्या. त्यातल्या दोन उचलल्या. "या आधीच्या सुट्या." बाकीच्या तिने एकेक करून टेबलावर ठेवल्या, आणि शेवटची हातात धरून ती थांबली.

"मॅडम, ही मोळी खोटी आहे. हिच्यात अकरा आहेत."

"कैसे?" भूपेंद्र सर खाली वाकले.

मोनालीने दुसरी मोळी सोडली, मग तिसरी, मग उरलेल्या दोन्ही. दर मोळीतून एकेक काडी बाजूला निघाली. मग तिने सगळ्या मोळ्या दहा-दहाच्या करून नव्याने बांधल्या, बावन्न मांडले, एक मोळी सोडली, सात काढल्या.

"आता पंचेचाळीस," ती म्हणाली. मग रितेशकडे वळून, "तू मोळी सोडलीच नाहीस. तुला कसं कळणार खोटी होती ते?"

रितेश मान उंचावून बाजूला काढलेल्या काड्या मोजू लागला.

"सर," प्रतिभा सुधाकर सरांना म्हणाली, आणि आवाज चढू नये म्हणून तिला शब्द मोजून टाकावे लागले, "दशक दहाचंच असतं, हे तिला हातचा घोकून कळलं असतं का?"

भूपेंद्र सरांनी पाच वेगळ्या काढलेल्या काड्यांचाही फोटो घेतला. त्यांना पुढच्या शाळेत जायचं होतं. मोटारसायकलचा आवाज विरल्यावर सुधाकर सर कपाळ चोळत म्हणाले, "तिसरीचं गणित तुमच्याकडेच ठेवा, मॅडम. पऱ्हाट्या मोजत बसायला मला टाइम नाही." एवढ्यावर त्यांनी पाठ फिरवली. शाबासकी म्हणावी तर तीही नाही.

मधल्या सुट्टीत प्रतिभा तडक चुलीपाशी गेली.

"गोदाबाई, मोळ्यांत काड्या तुम्ही घातल्यात?"

"मंग?" गोदाबाई खुशीत म्हणाल्या. शाळेत लागण्याआधी त्या शाहपूरच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकत असत. "पाव्हना येणार म्हणलं तुम्ही. नेमकं मोजून कोन ठेवतं पाव्हन्यापुढं? दहावर एक वरची घालायची. कोपऱ्यातल्या काड्या नाही तर वायाच चालल्या व्हत्या."

"अहो, पण मोळीत दहाच लागतात! वरची द्यायचीच असेल तर बाहेर ठेवा. आत नको."

"बाहेर ठेवली तर मंग ती वरची कशी झाली?"

प्रतिभाने कपाळाला हात लावला. यांना स्थानिक किंमत समजावण्यापेक्षा चित्रकला परवडली असती.

"जेवा आता. थंड व्हतंय," गोदाबाई म्हणाल्या.

पण जेवण कुठलं? वर्गातून हाका येत होत्या. मोनाली ताटावरून उठून गेली होती. टेबलावर उरलेल्या सगळ्या मोळ्या तिने सोडून टाकल्या होत्या आणि ती एकेक काडी मोजत होती. आणि रितेश शेजारी उकिडवा बसून, तिने सांगितलं तशी, मोळीमागून मोळी बांधत होता.

"मोनाली, जेवून घे आधी!"

"थांबा मॅडम," मान वर न करता मोनाली म्हणाली. "तुम्ही काल नीट मोजल्या नव्हत्या."