एका फितीवरचे दोन आवाज

मी व्हिडिओ कॅसेट आहे. काळी, तळहाताहून थोडी मोठी, सहा तासांची. मला लावलंत तर पडद्यावर एक गोरी अभिनेत्री तोंड उघडते आणि आवाज येतो नागपूरच्या एका मुलीचा. त्या मुलीला जाऊन पावणेचार वर्षं झाली. अभिनेत्री बहुधा मजेत असेल.

मला याची सवय झाली आहे, असं म्हणणार होते. पण झालेली नाही.

२००२ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या एका मोठ्या दुकानातून, दहा बहिणींच्या गठ्ठ्यात मी उल्हासकाकांच्या घरी आले. बाकीच्यांच्या नशिबी कुणाची मुंज, मंडळाचं नाटक, क्रिकेटचे सामने आले. मला चैत्रालीनं उचललं. ती काकांची पुतणी. वूस्टरला एम.एस. करायला आलेली आणि वरच्या मधल्या खोलीत राहणारी. माझ्या पाठीवर तिनं निळ्या शाईत लिहिलं: ‘जहाज. हात लावू नये.’

जहाज म्हणजे टीव्हीवरची एक मालिका. तिचं खरं नाव या घरात कुणी घेतलंच नाही. दर शुक्रवारी आठ वाजता अंतराळातून एक मोडकं जहाज जायचं आणि त्यात चार सोबती असायचे. हुकूम सोडणारा कप्तान, टोचून बोलणारा डॉक्टर, जहाजाचेच सुटे भाग चोरणारा मिस्त्री आणि एक नकाशेवाली. तिला रस्ते सगळे पाठ, पण बोलायची दोनच शब्द. कप्तान काहीही म्हणाला की, जी कप्तान.

काका वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगते. विमानतळावर चैत्रालीला घ्यायला तेच गेले, थंडीचा कोट त्यांनीच घेऊन दिला, बर्फात गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. पण मोठ्या माणसांची एक खोड असते. कोट घेऊन दिला की तो कधी घालायचा तेही त्यांनाच ठरवायचं असतं. कोणते विषय घ्यायचे, कुणाच्या गाडीतून यायचं, नागपूरला फोनवर काय सांगायचं आणि काय नाही, सगळं काका ठरवत. चैत्राली म्हणे, “बरं.”

काकांची मुलगी सावनी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. एका रविवारी काकांनी फर्मान काढलं, की या घरात टीव्ही लागेल तो मराठीतच. अमेरिकेत, २००२ साली. अहिल्याकाकू स्वयंपाकघरात हसल्या, पण फर्मान मोडायची कुणाची टाप नव्हती.

चैत्रालीनं ते मोडलं नाही. शब्दशः पाळलं. तिनं व्हिडिओ प्लेयरचं माहितीपुस्तक वाचून काढलं. त्या यंत्राला माइक लावायची जागा होती, आणि चित्राला धक्का न लावता वर नवा आवाज भरायचं एक बटण होतं. माझ्या फितीवर आवाजाच्या दोन वाटा आहेत. एक चित्राच्या पोटात लपलेली. तिथे मूळ इंग्रजी राहिलं. दुसरी माझ्या काठाकाठानं जाणारी. त्या काठावर चैत्राली आणि सावनी बसल्या आणि अख्खं जहाज मराठी झालं.

सावनी कप्तान. तिचं मराठी ऐकून कुणीही शत्रू शरण आला असता. डॉक्टर, मिस्त्री आणि नकाशेवाली चैत्रालीकडे. पहिल्याच दिवशी ‘जी कप्तान’ला मराठीत काय म्हणायचं यावर घोडं अडलं. जशी आज्ञा? हो साहेब? चैत्राली पेन चावत बसली होती.

“यू ऑलरेडी नो इट, चैतूताई,” सावनी म्हणाली. “बाबांना म्हणतेस ना, तेच म्हण. बरं.”

चैत्राली खूप हसली. ते हसणंही माझ्यावर आहे.

अडीच वर्षांत माझ्यावर आठ भाग भरले गेले, दोघींना आवडले तेवढेच. यंत्राच्या पोटात बसून मी त्या सोबत्यांना बदलताना पाहिलं. डॉक्टरानं तापानं फणफणलेल्या मिस्त्रीच्या उशाशी बसून माफी मागितली, तीही वाकडं तोंड करून. मिस्त्रीनं चोरलेलेच भाग लावून जहाज वाचवलं. आणि नकाशेवाली? दुसऱ्या वर्षी ती ‘बरं’च्या आधी थांबू लागली. तिसऱ्या वर्षी तिनं एकदा ‘का?’ विचारलं. ते म्हणताना चैत्रालीचा आवाज कापला होता. चार वेळा पुसून पुन्हा भरला, तरी कापलाच.

माणसं टीव्ही पाहतात तेव्हा त्यांना वाटतं, आपण नुसते पाहतोय. जेवणाच्या टेबलावर चैत्रालीही ‘बरं’च्या आधी थांबू लागली होती. काकांच्या ते लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं. त्यांनी तिला आणखी भात वाढला.

२००५ च्या फेब्रुवारीत एक स्थळ आलं. संजीव, सांता क्लाराला नोकरी, मूळचा पुण्याचा, हार्टफर्डला बहिणीकडे दोन दिवस येणार होता. काका स्वतःवर खूश होते. आम्ही जुन्या वळणाचे नाही म्हणाले, मुलं मुलं एकटी भेटू देत. भेट शनिवारी दुपारी तिथेच ठरली. शुक्रवारपासून गारठलेला पाऊस पडत होता आणि रस्त्यावर बर्फाची काच धरली होती. चैत्राली टीव्हीच्या खोलीत आली, रविवारी गेलं तर चालेल का म्हणाली, प्रबंधाचंही थोडं उरलंय म्हणाली. काका म्हणाले, “तो कॅलिफोर्नियाहून येतोय. तुला तासाभराचा रस्ता होत नाही?”

ती थांबली. मी यंत्रात होते, मी ते थांबणं ऐकलं. मग ती म्हणाली, “बरं, काका.”

उताराच्या एका वळणावर तिची गाडी घसरली. पुढचं मी पाहिलेलं नाही. मी एवढंच पाहिलं, की त्या दिवशी तिच्या खोलीतला दिवा कुणी लावला नाही, आणि पुढे कितीतरी महिने कुणी लावू शकलं नाही.

माणसं भेटायला येत. मंडळातली, ऑफिसातली, चैत्रालीच्या प्रयोगशाळेतली. काका प्रत्येकाला एकच वाक्य सांगत. नागपूरला भावालाही फोनवर तेच सांगितलं: “मी जबरदस्ती केली नाही. तिला विचारलं होतं, ती हो म्हणाली होती.”

एके दिवशी सावनी जिन्यातून म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, “ती बरं म्हणाली होती, बाबा. हो नाही.”

“दोन्ही एकच असतं,” काका म्हणाले.

त्यानंतर या घरात तो वाद कधी झाला नाही, आणि कधी थांबलाही नाही. मिटलेल्या दारांमधून तो चालू राहिला. चैत्रालीनं आपण होऊन होकार दिला होता की नाही, काकांचं जगणं या एका गोष्टीवर टेकलं होतं.

जुनं यंत्र त्याच वर्षी बिघडलं. नवं आलं, डीव्हीडीही लावणारं, शहाणं. सावनीनं मला त्यात सरकवलं. नकाशेवालीनं तोंड उघडलं आणि इंग्रजी आलं. नवं यंत्र आपणहून चित्राच्या पोटातला मूळ आवाज उचलत होतं, काठावरून बोलणाऱ्या मुलीकडे त्याचं लक्षच नव्हतं. सावनीनं मला पुढे पळवलं, मागे पळवलं. मी जीव तोडून ओरडत होते, ती इथेच आहे, काठावर बघ. कॅसेटचं कोण ऐकतं? काका म्हणाले, पुसलं गेलं असेल. त्यांचा आवाज जरा सैल झाला होता.

तीन वर्षं मी तिला पोटाशी धरून खोक्यात पडून राहिले. इकडच्या वाटेवर इंग्रजी, तिकडच्या वाटेवर ती, आणि दोघींना एकच ओठ.

मग या जुलैत काकांनी तळघर आवरायला काढलं. कॅसेटची खोकी टाकून द्यायची ठरली. सोळा वर्षांच्या सावनीनं मला वरच्यावर काढलं, शेवटचं एकदा म्हणून लावलं आणि रिमोटवरची माहीत नसलेली बटणं चिडून दाबत सुटली. त्यातलं एक ‘ऑडिओ’चं होतं.

भर दुपारी, लख्ख उजेडात, चैत्राली बोलली.

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्या टीव्हीकडे गेल्याच नाहीत. जिन्याखाली उभ्या राहून वर पाहत म्हणाल्या, “चैतू, आलीस का गं?” मग त्यांना कळलं, आणि त्या तिथेच कठडा धरून राहिल्या. काका मांडीवर खोकं घेऊन पायरीवर बसले.

तो शेवटचा भाग होता, ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी भरलेला. जहाजासमोर वादळ. कप्तान, म्हणजे तेरा वर्षांची सावनी, हुकूम देते की वादळातूनच घे.

“नाही,” नकाशेवाली म्हणते.

“तू तर नेहमी बरं म्हणतेस.”

“म्हणते. वाद नको म्हणून म्हणते. तुम्ही त्याला हो समजत आलात, कप्तान.”

काकांनी सावनीच्या हातून रिमोट घेतला, थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. 

आता नोव्हेंबर आलाय. ऑफिस सुटून घरी आले की काका कोट न काढता खुर्चीत बसतात आणि तेवढंच ऐकतात. ‘नाही’पासून ‘कप्तान’पर्यंत. थांबवतात. मागे. पुन्हा. भेटायला येणाऱ्यांना ते आता काही सांगत नाहीत. सावनी म्हणते, द्या बाबा, दुकानातून कॉपी करून आणते. ते म्हणतात, उद्या.

काका, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. मी लोखंडाची धूळ चिकटवलेली पट्टी आहे. दर वेळी थोडी झडते. तुम्ही जिथे रोज बोट ठेवता तिथे आता खरखर येते. ‘समजत’मधला ‘स’ गेलाय. आणखी थोड्या दिवसांनी ती तोंड उघडेल आणि वाऱ्यासारखा आवाज येईल.

तुम्हाला शिक्षा हवी असेल तर ती दुसरीकडे शोधा. माझ्या जिवावर, तिच्या आवाजावर नको. आणि एकदा, फक्त एकदा, ‘कप्तान’पाशी थांबवू नका. पुढे जाऊ द्या. तुम्ही तो भाग कधी पाहिलाच नाहीत. सोबत्यांमधला शेवटी बदलतो तो कप्तान. तो नकाशेवालीला ओरडत नाही, जहाजातून उतरवत नाही. बराच वेळ खिडकीबाहेर पाहतो. मग तुमच्याच लेकीच्या आवाजात, तिच्या मोडक्या मराठीत म्हणतो, “मी चुकला. आता तू सांग रस्ता कुठून, मी ऐकते.”

एवढं ऐका, आणि मला सावनीच्या हातात द्या.