तीन नंबर

मंगळवारपासून मी कंट्रोलरचा नॉब फिरवला की माझी बायको शशी चालू लागते.

बेडरूममधल्या टेबलावर माझी छोटी रेल्वे आहे. कंट्रोलर मी घरीच बनवला, सोल्डरिंगचा एकूणएक टाका माझ्या हातचा, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप असते. कंट्रोलर इंजिनाला चिपच्या नंबराने हाक मारतो, आणि नवी चिप 'तीन' हाच नंबर घेऊन येते. तो बदलल्याशिवाय इंजिन रुळावर ठेवायचं नसतं. मी आळस केला. तीनला हाक मारली, इंजिन निघालं आणि त्याच्याबरोबर शशीही.

"अहो, थांबवा ना. कुकर लावायचाय."

"एक चक्कर होऊ दे गं," मी म्हणालो. या बोलण्याची आता लाज वाटते.

इंजिन गोल फिरतं, शशी सरळ जाते. भिंत आली की घर तेवढं लांबतं. नॉब शून्यावर आणला किंवा कंट्रोलर बंद केला तर ती थांबते, पण मग बोलत नाही, पापणीही हलवत नाही. उलट दिशा देऊन पाहिली. तिने टेबलाकडे तोंड केलं आणि तशीच मागे मागे गेली.

"माझा नंबर बदला," काल ती लांबून ओरडली. "आणि नीट बघून करा. घाईत तुम्ही काहीतरी विसरताच."

नंबर बदलायला वीतभर वेगळा रूळ असतो. त्याच्या वायरीच्या पिना खोचायची खाच कंट्रोलरवर वेगळी. मुख्य रुळाच्या खाचेतून नंबर लिहिला तर तो जोडलेल्या सगळ्यांना लागतो. हे मी इतरांना दहादा बजावलं आहे.

आज दुपारी शशीला थांबवून मी वायर घेऊन निघालो. वीस मिनिटं चालावं लागलं. वायर जेमतेम पुरली. तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्यांना वायरीचे चिमटे लावले. हात गार होते. परत येऊन मी सात नंबर लिहिला, सातला हाक मारली आणि नॉब जरासा फिरवला.

दिशेचं बटण उलटच राहिलं होतं; टेबलावरची चारही इंजिनं उलटी निघाली. वायरीच्या पिना मुख्य रुळाच्या खाचेत होत्या; सात नंबर सगळ्यांना लागला होता, मलाही. नॉबकडे हात नेला, तोवर माझे पाय मागे पडू लागले होते.

तेव्हापासून मी टेबलाकडे तोंड करून मागे जातो आहे. शशी माझ्या पाठीमागे, त्याच वेगाने. अंतर कमी होत नाही. मान वळवून पाहिली असती, पण वळत नाही. इंजिनाला मान नसते. माझ्या दोन्ही बाजूंनी तिच्याकडे गेलेल्या वायरी ताठ झाल्यात. टेबलावर कंट्रोलर सरकतो आहे.

"अहो," मागून शशी म्हणाली, "एकदा तरी इकडे बघा."

कंट्रोलर अर्धा काठाबाहेर आला होता.