जाळीआडची खार

माघातला रविवार उजाडत होता. मुंबईत फोर्टातल्या निर्मनुष्य रस्त्यांवर ऊन अजून जमिनीला टेकलं नव्हतं. ते आधी कळसांवर उतरलं, मग कमानींवर, मग मालाडच्या पिवळ्या दगडातल्या पानाफुलांवर, आणि तिथेच जरा रेंगाळलं. पीतवर्ण पाषाण, नीलकृष्ण पाषाण, आणि दोहोंच्या सांध्यांत मुरलेला रात्रीचा गारवा. सहा दिवस तुडवलेलं शहर सातव्या दिवशी मान ताठ करून उभं होतं. त्याला बघायला अकरा माणसं आली होती.

आणि ते दाखवायला आलेल्या बाईंना दिसत नव्हतं.

नलूताई तळपदे त्यांचं नाव. वय अडुसष्ट, बिऱ्हाड गिरगावात. सरकारी बांधकाम खात्यात नकाशे ट्रेस करण्यात बाईंची हयात गेली. निवृत्त झाल्या आणि ‘दगडवाटा’ नावाच्या मंडळात शिरल्या. दर रविवारी सकाळी लोकांना जुन्या इमारती हिंडून दाखवायच्या, पैसा घ्यायचा नाही, असा त्या मंडळाचा शिरस्ता. नऊ वर्षांत बाईंनी एक रविवार चुकवला नव्हता. बाकीचे सहा दिवस त्या जगत नसत हो, नुसत्या वाट बघत.

काचबिंदूनं उजवा डोळा आधीच नेला होता. डाव्यात कुलपाच्या भोकाएवढा उजेड उरला होता, तोही दिवाळीनंतर धुक्यात बुडाला. डॉक्टरांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची! बाईंनी ती अशी काही आवळून धरली होती की नखं तळहातात रुतावीत.

कारण त्यांनी बापटकाकांचं बघितलं होतं. काका त्यांच्यासारखेच वाटाडे. गणपतीच्या सुमारास एका पायरीवर त्यांचा पाय चुकला. गुडघा जरासा खरचटला, एवढंच. पण कुणीतरी ते अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, सोमवारी वही चैत्रालीकडे गेली, आणि पुढच्याच रविवारी काकांचा सत्कार! शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. मंडळाचं काम बघणारी ही चैत्राली गुणी मुलगी, मायेनं वाकून पाया पडली. काका त्या दिवसापासून घरी बसले, ते बसलेच.

म्हणून नलूताईंना शिव्यांचं भय नव्हतं, शालीचं होतं. आणि सगळ्यात जास्त भय त्या वहीचं. फेरी संपली की प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या, वाटाड्यानं त्या तिथे वाचायच्या नाहीत, हा मंडळाचा नियम. आता वाचायच्या म्हटल्या तरी वाचणार कोण? घरी नेऊन त्या पानांवरून नुसतं बोट फिरवीत. शाई बोटाला काही सांगत नसे.

दगडी पाणपोईपाशी त्यांनी फेरी सुरू केली. आवाज खणखणीत, छत्री हातात, पायांत मोजमाप. पाणपोईपासून पहिल्या खांबापर्यंत बत्तीस पावलं. खांबापासून सात पायऱ्या, तिसरी झिजलेली. तिथून डावीकडे भिंत, भिंतीला हात.

“डोळे मिटा आणि हात लावा,” त्या म्हणत. “हा दगड आधी हातानं वाचायचा.” आणि अकराही जण डोळे मिटून गार पाषाणावर तळवे टेकत. बघणाऱ्याला वाटे, काय सुंदर रीत आहे बाईंची! रीत कसली, तेवढे चार क्षण सगळी माणसं त्यांच्या बरोबरीची होत, आणि त्यांना श्वास घेता येई.

पण आजचा दिवस वेगळा होता. आजच्या घोळक्यात एक इंगवले होते. कऱ्हाडहून आलेले, आवाजानं भारदस्त, स्वभावानं चौकस. “ताई, ती खिडकी कोणती म्हणालात? डावीकडनं दुसरी का तिसरी? तिची काच निळी हाय का हिरवी?” दर थांब्याला एक प्रश्न. हा माणूस मला ओळखणार, आज ओळखणार, असं मनात घोकत त्या उत्तरं देत होत्या. निळी, तिसरी, डावीकडून. नऊ वर्षांची पुंजी होती ती, अजून पुरत होती.

मग चौक आला. रविवारचा रिकामा चौक, पण रिकाम्या चौकातच टॅक्सी सुसाट सुटतात. बाईंनी कान टवकारले, छत्री उंचावली आणि पाऊल टाकलं. तेवढ्यात माणसं अंगाशी आली. डावीकडे कुणी, उजवीकडे कुणी, पाठीशी कुणाची पिशवी घासतेय. “अहो, गर्दी काय करताय? रस्ता केवढा मोठा आहे!” त्या करवादल्या. कुठेतरी ब्रेक करकचून वाजला. एकोणीस पावलं, मग फुटपाथची कड. पोहोचल्या त्या.

शेवटचा थांबा रतनशा मॅन्शनसमोरचा. हा बाईंचा लाडका थांबा. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात, पर्जन्यधूसर, कालजर्जर अशा त्या पाषाणवेलीत एका अनामिक कारागिरानं एक खार कोरली होती. सीताफळ खाणारी खार. मालकानं सांगितलेली नव्हती, नकाशात नव्हती. ऐन पंचविशीत नलूताईंनी तिची रेघ न् रेघ कागदावर उतरवली होती, तेव्हा डोळे असे होते की शेपटीतला केस मोजावा.

आणि त्यांनी छत्री वर केली. सांगू लागल्या तेव्हा आवाजात ऊन उतरलं. ती फुगलेली शेपूट, त्या दोन इवल्या मुठी, ते फुटलेलं सीताफळ, त्यातून ओघळणारी दगडाची बी. “आणि आत्ता, बघा, अगदी आत्ता ऊन तिच्या शेपटीवर आलंय. दिसलं?”



दर रविवारी इथे हमखास ‘अय्या’ उठे, कॅमेरे वाजत. आज काही नाही. नुसती शांतता. मग समुद्राकडून एक झुळूक आली, आणि त्या शांततेत वर, खूप वर, काहीतरी फडफडलं. कापड. मोठं, ताणलेलं कापड. मागोमाग बांबू करकरला. नाकात ओल्या काथ्याचा वास शिरला.

परांची! इमारतीला परांची बांधली होती. या आठवड्यात केव्हातरी दुरुस्ती निघाली होती, आणि गच्चीपासून जमिनीपर्यंत हिरवी जाळी सोडली होती. तिथे खार नव्हती, शेपूट नव्हती, ऊनही नव्हतं. भर सकाळी अकरा माणसांसमोर छत्री रोखून नलूताई एका जाळीचं वर्णन करत होत्या.

छत्री खाली घ्यावी तर हात खाली येईना. संपलं, संपलं सगळं. शाल आली, श्रीफळ आलं, वाट बघायच्या सहा दिवसांना सातवा मिळाला. आता इंगवले विचारतील, कुठाय हो खार?

इंगवल्यांनी घसा खाकरला. “हां... हाय की! शेपटी दिसली बगा, ताई.”

“आणि सीताफळसुद्धा,” एक बाई घाईनं म्हणाल्या. “किती गोड!” तिसरं कुणी म्हणालं. मग सगळेच बोलू लागले, आणि नलूताईंना कळेना, ही थट्टा आहे की दया. थट्टा परवडली असती.

वही फिरली. जाड पुठ्ठ्याची वही, तिच्या दोरीला बांधलेलं पेन. एकेक जण लिहीत होता, आणि प्रत्येक अक्षराचा खरखराट बाईंच्या मणक्यातून जात होता. नमस्कार झाले, निरोप झाले, चपलांचे आवाज पांगले. वही हातात आली. नेहमीपेक्षा जड लागली.

“वाचून दावू का?” जवळून आवाज आला. इंगवले गेले नव्हते.

मंडळाचा नियम होता, वाचायचं नाही. पण बाईंच्यात नियम सांगण्याचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी वही पुढे केली.

इंगवल्यांनी वाचलं. “‘खार फार आवडली.’ ‘दगड हातानं वाचायला शिकलो, आभार.’ ‘सीताफळ खाणारी खार विसरणार नाही.’ ‘ताईंनी दाखवलं ते सगळं दिसलं.’ हे माझं.”

“तिथे जाळी आहे ना?”

इंगवल्यांनी वहीतून मान वर केली. “हाय, ताई.”

“मग खोटं का लिहिलंत?”

“आता काय सांगू? तुम्ही बोलत हुता तवा खरंच दिसली ती. देवाशपथ. पर त्या चौकात...” त्यांचा भारदस्त आवाज एकाएकी बारीक झाला. “टॅक्सी हातभर अंतरावर थांबली, ताई. त्याआधीच, तुम्ही पायऱ्या पायानं चाचपता ते बघून, समद्यांच्या ध्यानात आलं हुतं. मग ठरवून आम्ही तुम्हाला मधी घेतलं. माझे हात अजून कापत्यात.”

नलूताईंना तो ब्रेक पुन्हा ऐकू आला. म्हणजे ती गर्दी नव्हती. अकरा माणसांचं कडं होतं, अकरा माणसांच्या जिवाला घोर होता, आणि मध्ये आपण, ऐटीत छत्री उंचावून! आपण यांना शहर दाखवत होतो, आणि हे आपल्याला रस्ता पार करून देत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच? एखाद्या रविवारी आपल्यामागून कुणाचं तरी लेकरू त्या चाकाखाली आलं असतं. हे भय नवं होतं. शालीच्या भयापेक्षा पुष्कळ मोठं होतं.

“पेन द्या,” त्या म्हणाल्या.

वही हातात घेऊन त्यांनी दोरीवरून पेन शोधलं, अंगठ्यानं पानाची कड. सारी हयात सरळ रेघ ओढलेला हात थांबला, पुन्हा निघाला. ‘मला आता दिसत नाही. यापुढे कुणीतरी हाताला धरलं, तर मी फेरीत सांगत राहीन. नलिनी तळपदे.’

“सरळ आलंय?” त्यांनी विचारलं. मग घाईनं म्हणाल्या, “खरं सांगा हं.”

इंगवल्यांनी वही उन्हात धरली. “वाकडं झालंय, ताई. माझ्या वळीवर चढलंय. पर वाचता येतंय.”

कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्यांना खरं सांगितलं होतं. नलूताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी ते येऊ दिलं. सोमवार भिववीत होता, चैत्राली काय म्हणेल ते भिववीत होतं, तो चौकही अजून ओलांडायचा होता. त्यांनी हात पुढे केला, आणि इंगवल्यांनी तो धरला.

वर पुन्हा झुळूक आली, जाळी फुगली, जाळी निवली. त्या हरित अंधारात, फुटलेलं सीताफळ इवल्या मुठींत धरून, ती बसली होती. आता ती डोळसांना दिसत नव्हती, आंधळ्यांना दिसत नव्हती. पण होती.