दुसरं व्याख्यान

पंडित सोनवणे यांनी सुरतेत बत्तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, काढली आणि तेवढ्या काळात सहा वह्या भरल्या. खानदेशातून कोण कधी आलं, कामगारांच्या नवागाम वस्तीत कुठल्या खोलीत किती माणसं पाळीपाळीने झोपायची, कुणाची बोटं यंत्रात गेली, हे सगळं त्यांनी लोकांना विचारून विचारून लिहून ठेवलं होतं. मधुमेहाने नजर गेली तेव्हा त्या वह्या त्यांनी तुषार देवधर नावाच्या प्राध्यापकाला दिल्या. सुरतेच्याच अडाजण भागातल्या एका मराठी मंडळात देवधरांनी त्यांवर चौदा व्याख्यानं दिली. पंडितराव तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यात होते. म्हणून देवधरांनी सगळी व्याख्यानं पेन ड्राइव्हवर भरून घरी पाठवली.

मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर पंडितरावांचं बोट कुठेही पडायचं. कधी फोन लागायचा, कधी कॅमेरा उघडायचा. त्यामुळे त्यांच्या मुलाने, ललितने, बटणांचा एक छोटा प्लेअर आणून दिला. काडेपेटीएवढा, पडदा नसलेला. चौदाही व्याख्यानं त्याने घाईघाईत त्यात टाकली आणि तो कामावर गेला.

"मी एकदा बघू का, आबा?" सून सुषमा म्हणाली. ती रिंगरोडच्या कापड मार्केटात साड्यांचे फोटो कॉम्प्युटरवर चढवायचं काम करायची.

"हात लावू नको. साड्यांचे फोटो काढणारीला यातलं काय समजतं?"

"बरं," सुषमा म्हणाली आणि आत निघून गेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिने नोकरी धरल्यापासून दोघांचं बोलणं एवढ्यावरच यायचं.

प्लेअरने पहिल्या दिवसापासून छळ मांडला. आवाज इतका बारीक की लूमच्या खडखडाटात अर्धे गेलेले कान त्याला पुरेनात. बंद करून पुन्हा चालू केला की तो थेट पहिल्या व्याख्यानाच्या सुरुवातीला जायचा. तिथे पाहुण्यांचं स्वागत आणि अध्यक्षांचं लांबलचक भाषण. तीन दिवस पंडितरावांनी तेच ऐकलं. चौथ्या दिवशी पुढे जायचं बटण सापडलं आणि ते पुढच्या व्याख्यानावर पोचले.

देवधर सांगत होते, "नवागामात इंदुबाई नावाची एक बाई खाणावळ चालवायची. कारखाने बंद पडले तेव्हा तिने पंचवीस माणसांना दोन महिने जेवू घातलं. पण प्रत्येकाकडून रोज एक पत्र लिहून घेतलं, घरी, आईला. पत्र नाही तर भाकरी नाही."

पंडितरावांनी कानातली वायर आणखी आत दाबली. इंदुबाईने ही गोष्ट फक्त त्यांना सांगितली होती, दमेकरी श्वास घेत, खाटेवर पडून. ती चौथ्या वहीत होती. त्यांनी व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचं नाव एकदाही आलं नाही.

रविवारी मंडळाची सभा होती. ललितच्या मोटरसायकलवर मागे बसून ते गेले. साठेक माणसं जमली होती. देवधरांचा आवाज कानावर पडताच पंडितराव उभे राहिले.

"हा माणूस चोर आहे!"

खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

"पंडितराव, काय झालं?" देवधर म्हणाले. "बसा तरी."

"बसत नाही. आम्ही खात्यात हाडं झिजवली, लोकांच्या दारोदार फिरून एकेक ओळ मिळवली. आणि तू पंख्याखाली उभा राहून ते स्वतःचं म्हणून सांगतोस? कामगाराचं नाव घ्यायला जीभ झडते का?"

"तुम्ही दुसरं व्याख्यान ऐकलंत का?"

"दुसरंच ऐकून आलोय!"

देवधरांनी अगदी हळू विचारलं, "ते ऐकूनही तुम्ही मला चोर म्हणता?"

"शंभर वेळा म्हणेन."

ललितने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कशाला बोलावता अशा लोकांना?" ते पंडितरावांना नीट ऐकू आलं.

पुढचे दोन दिवस ते घरात धुमसत होते. "चोरी केली ती केली, पण त्या मूर्खाला क्रमसुद्धा लावता येत नाही. आधी इंदुबाई, मग पूर, आणि लोक गाडीत बसून सुरतेला यायला निघालेत ते अजून कुठेच नाही!"

सुषमा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "दुसऱ्या व्याख्यानात इंदुबाई आहे?"

"मग काय बोंबलतोय मी?"

तिने हात धुतले आणि न विचारता प्लेअर उचलला.

"ठेव तो खाली!"

"ओरडा तुम्ही. मी बघते."

तिने तो ललितच्या जुन्या लॅपटॉपला जोडला. पाच मिनिटांत प्रकार लक्षात आला. फाइलींना नुसते एक, दोन, दहा असे आकडे होते, आणि हा प्लेअर आकड्यातला नुसता पहिला अंक बघून रांग लावत होता. एकनंतर दहा, मग अकरा, बारा, तेरा, चौदा आणि त्यानंतर कुठे दोन. पंडितरावांनी दुसरं म्हणून ऐकलेलं व्याख्यान दहावं होतं.

तिने सगळं पुसून टाकलं. प्रत्येक व्याख्यानाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले, म्हणजे बंद पडलं तरी बटण दाबत हव्या तुकड्यापर्यंत जाता येईल. आवाज वाढवला. एकेरी आकड्यांपुढे शून्य लावलं, तुकड्यांनाही तसेच क्रमांक दिले आणि एकेक करून पुन्हा भरले. मग दुसऱ्या व्याख्यानाचा पहिला तुकडा लावून तिने प्लेअर सासऱ्यांच्या हातात दिला.

देवधर म्हणत होते, "आज सुरुवातीलाच सांगतो. यापुढे मी नवागामबद्दल जे बोलेन ते पंडित सोनवणे या लूम कामगाराच्या सहा वह्यांतलं आहे. दर वेळी नाव घेईन असं नाही. जिथे घेणार नाही तिथेही ते त्यांचंच समजा. मी फक्त वाचून दाखवणारा आहे."

पंडितरावांनी कानातल्या वायरी ओढून काढल्या.

"तुला हे माहीत होतं?"

"आत्ता कळलं."

"मग आधी का नाही बघितलंस?"

"पहिल्याच दिवशी बघते म्हणाले होते. तुम्ही काय म्हणालात ते आठवा."

पंडितराव वायरी बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "फोन लावून दे त्याला."

देवधरांनी फोन उचलला, पण बोलायला संधी दिली नाही. "तुमचं नाव मी काढून टाकलंय, सोनवणे. मंडळाच्या वेबसाइटवर आता नवीन रेकॉर्डिंग आहे. नवागामचा भागच वगळला. चोराच्या तोंडी तुमचं नाव कशाला हवं?"

"प्लेअरमध्ये क्रम चुकला होता. मला वाटलं..."

"साठ लोकांसमोर वाटलं ना? माझी बायको तिथे बसली होती. वह्या उद्या रिक्षाने पाठवतो." फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या, सुतळीने बांधलेल्या. पंडितरावांनी त्यांवरून हात फिरवला. अक्षर तर दिसणार नव्हतं.

"वाचून दाखवशील?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांत सुनेकडे त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"नाही," सुषमा म्हणाली. "आधी तिथे जाऊन सांगा, तेवढ्याच लोकांसमोर. मग वाचते."

"माले शिकाडू नको!" चिडून ते गावच्या बोलीवर आले.

"मग राहू दे." ती डबा घेऊन कामाला निघून गेली.

पुढच्या रविवारी तीच त्यांना रिक्षातून घेऊन गेली. पंडितराव काठी टेकत उभे राहिले. "मागच्या वेळी मी देवधरांना चोर म्हणालो. ते चूक होतं. त्यांनी माझं नाव घेतलं होतं, मीच ऐकलं नव्हतं." त्यांना आणखी बोलायचं होतं, पण कुणीतरी खुर्ची सरकवली. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, पुढचा विषय घेऊ."

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांनी सुषमाचा हात घट्ट धरला. "तो होता ना आत?"

"पहिल्या रांगेत."

"काय म्हणाला?"

"काही नाही. तुम्ही बोलत होतात तेवढा वेळ कागद चाळत होते."

"माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही?"

"नाही, आबा."

रस्त्यावरून बस धडधडत गेली. ती जाईपर्यंत पंडितराव तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "मीही बघितलं नसतं." आणि काठीने पुढची पायरी चाचपायला लागले.