खुंटीचा पत्ता

पिवळ्या चिठ्ठीचा डावा कोपरा आज पुन्हा सुटला होता. स्क्रीनच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर मास्तरांच्या किरट्या अक्षरातला पत्ता – दोन तिरप्या रेघा, मग 'खुंटी', मग आणखी एक रेघ आणि फोल्डरचं नाव... तिनं अंगठ्यानं कोपरा दाबला, तो पुन्हा उठला, आणि तेवढ्यात मागून प्रमुख बाई म्हणाल्या, "तुझं तीन महिन्यांचं काम कोठारात नाहीये."

"असं कसं? रोज पाठवते मी."

"कुठे?"

कुठे म्हणजे काय... पाठवतात तिथेच! रोज संध्याकाळी एक शब्द टाइप करायचा, मशीन म्हणायचं 'पोहोचलं', की पिशवी उचलून घरी.

"चार वाजता दवाखान्यांना आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती जायचीय," बाई म्हणाल्या. "त्याआधी सगळं कोठारात हवं. आणि हो, मास्तरांचं मशीनही आज भांडारात जातंय. पुसून दुसऱ्याला देणार."

बाई गेल्या. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. कोठार म्हणजे सगळ्यांचं काम जिथे एकत्र येतं ती जागा, आणि त्याची अख्खी प्रत प्रत्येकाच्या मशीनवर असते. गंमत अशी की प्रत जिथून उचलली तो पत्ता ती मुकाट्यानं लक्षात ठेवते, आणि तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर तिथेच जाते, तिथूनच आणते. पहिल्या दिवशी कोठाराकडची लाइन गोगलगाय झाली होती, तेव्हा तिला काम शिकवणारे मास्तर म्हणाले होते, "माझ्या मशीनवरून, खुंटीवरून उचल, घाईबाई. नंतर पत्ता बदल मात्र. विसरशील."

"नाही विसरणार."

"विसरशील," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली होती – पुढे खुंटीचा पत्ता, मागे कोठाराचा. आणि तिनं काय करावं? मागची बाजू मागेच ठेवून चिकटवून टाकली!

विसरलेच होते ना मी... की? मास्तर एका गुरुवारी अंग कसकसतंय म्हणून दुपारीच घरी गेले ते गेलेच. त्यांच्या टेबलाखालचं मशीन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही – की एकदा शिपाई बटणाकडे वाकला तेव्हा मीच म्हटलं होतं, असू दे, लागतं? कशाला लागतं ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रोज सकाळी खुर्चीत टेकायच्या आत ती विचारायची, काही नवीन? आणि खुंटी सांगायची, नवीन काही नाही. मग दिवस सुरू व्हायचा. गेलेल्या माणसाच्या मशीनला रोज कुणी ख्यालीखुशाली विचारतं का? पण मला ठाऊक नव्हतं की मी कुणाला विचारतेय... नव्हतंच का? तिला काहीच धड सांगता येईना. काम तर तिच्या प्रतीत शाबूत होतं, एक ओळ बदलली की कोठारात जाणार होतं. प्रश्न एवढाच होता, उद्या सकाळी विचारायचं कुणाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर भांडारातला माणूस ढकलगाडी घेऊन आला.

"ताई, वायरी काढू?"

"थांबा ना जरा, दादा."

"थांबतो की. मशीन काय पळून जात नाही." तो मास्तरांच्याच खुर्चीत बसला, आणि खुर्ची तशीच करकरली.

तिनं चिठ्ठी सोडवून उलटी केली. मागच्या डिंकावर तीन महिन्यांची धूळ बसली होती, आणि खाली कोठाराचा पत्ता, अगदी स्वच्छ. एकेक अक्षर ताडून तिनं तो टाइप केला. पाठवण्याआधी इतरांचं आणावं लागतं, म्हणून सवयीनं विचारलं, काही नवीन?

एकशे त्रेचाळीस बदल.

ओळींमागून ओळी उतरत गेल्या. शेजारच्या टेबलावरचीचे, प्रमुख बाईंचे, कोण कोण नव्या मुलींचे... एवढं बोलत होते सगळे? आणि मी कान कुठे लावून बसले होते? खाली, अगदी तळाशी, मास्तर. तारीख त्याच गुरुवारची, संध्याकाळची, घरून थेट कोठारात पाठवलेलं: 'महिनाअखेरची तारीख दुरुस्त. बाकी उद्या.'

म्हणजे नवीन होतं. तीन महिने होतं, फक्त खुंटीवर नव्हतं.

मशीन अडलं. एकाच ओळीवर दोघांचे बदल, त्यानं कळवलं. तुमचा ठेवू की त्यांचा? तिनं दोन्ही ओळी वाचल्या. एकतीस तारखेच्या रुग्णाला महिन्यानं पुन्हा बोलवायचं, आणि पुढच्या महिन्यात एकतीस नसेल तर काय – हीच चूक तिनंही मागच्या महिन्यात दुरुस्त केली होती, मोठ्या मिजाशीत, आपल्यालाच सापडली म्हणून. तिनं लिहिलं होतं, त्या महिन्याचा शेवटचा दिवस घे. मास्तरांनी लिहिलं होतं, तीस घे.

"फेब्रुवारी विसरलात की हो, मास्तर!" ती मोठ्यानं म्हणाली. हसू फुटलं, आणि हसताहसताच डोळे भरून आले.

"मला म्हणालात, ताई?"

"नाही, नाही... तुम्ही काढा वायरी."

तिच्याच तोंडून निघून गेलं ते. टेबलाखालची घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. ढकलगाडीची चाकं दारापर्यंत ऐकू आली. तुमचा ठेवू की त्यांचा? विसरलात मास्तर... की फेब्रुवारी हीच ती बाकी होती, उद्यावर ठेवलेली? आणि तसं असेल तर माझी ओळ माझी कशी? त्यांची पुसायची म्हणजे चूक पुसायची, की अर्धं राहिलेलं पुरं करायचं...

चाराला वीस मिनिटं होती. बोट कळीवर ठेवून घाईबाई बसून राहिली, आणि तिला कसलीच घाई वाटेना.