शेवटच्या पंगतीची भाकर

मित्रांनो, मी एक जुना छापखाना आहे. मोठी इमारत वगैरे नव्हे. दांडा ओढायचा आणि कागद छापायचा, असं हाताचं लोखंडी यंत्र. अंगात बळ पुष्कळ, पण स्वतःचं म्हणून एक अक्षर नाही. जे मांडाल ते मुकाट उमटवायचं, हा माझा जन्माचा धर्म.

पहिल्या मालकाने माझ्याकडून धर्मपुस्तिका छापून घेतल्या. गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हा उपदेश मी इतका छापला की शिशाची अक्षरं झिजली. मग बंदराजवळच्या ओबादिया पेकहॅम या काळ्या गृहस्थांनी मला विकत घेतलं. ते दर शुक्रवारी गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र काढत. त्यांची बायको फिलेना चाळिशीत वाचायला शिकली होती. प्रत्येक कच्चा छाप तीच मोठ्याने वाचून तपासायची आणि चूक सापडली की नवऱ्याची यथेच्छ थट्टा करायची. ते माझे सुखाचे दिवस.

गावच्या चर्चमध्ये काळ्या लोकांनी वर माळ्यावर बसायचं. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या नावाने मोडलेली भाकर घ्यायला, सगळे गोरे उठल्यावर खाली यायचं. म्हणजे कायमची शेवटची पंगत. एका रविवारी दक्षिणेकडच्या गुलामगिरीच्या मुलखातून पाहुणे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. त्यांच्या पदरी गुलाम होते, ते त्यांची खरेदी-विक्रीही करत. त्यांनी पुढे केलेली भाकर फिलेनाने घेतली नाही. माणसं विकणाऱ्या हातांनी मोडलेली भाकर प्रभूची कशी, असा सवाल ओबादियांनी पुढच्या अंकात केला. तो छापताना मला कोण अभिमान वाटला!

चर्चची मंडळी खवळली आणि दोघांना भाकर बंद झाली. त्याच हिवाळ्यात फिलेना छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. मरण्याआधी आपल्या चर्चची भाकर मिळावी, एवढीच तिची इच्छा. ओबादिया गावच्या पाळकांकडे गेले, तेव्हा पाळक तिला पाहायला घरी आले. जाताना माझ्याजवळ थांबून ते म्हणाले, "बंधू पेकहॅम, शुक्रवारी त्या लेखाबद्दल माफी छापा. रविवारी मी स्वतः भाकर घेऊन येतो."

कुणापुढे न वाकलेल्या ओबादियांनी माफीचं एकेक अक्षर स्वतः जुळवलं आणि दांडा ओढला. मी अडून बसायला हवं होतं, पण मला कुठलं अडता येतंय! माझी करकर ऐकून पलीकडच्या खोलीतून फिलेना म्हणाली, "आण इकडे. माझ्या नजरेखालून न जाता कधी काही बाहेर पडलंय का?"

तिने शेवटपर्यंत वाचलं.

"चूक एकही नाही. पण हे जाऊ द्यायचं नाही, ओबी."

"भाकरीवाचून जाशील गं तू."

"शेवटी बसायची सवय आहे मला. उपाशी उठायचीही होईल. मोड ते."

ओबादियांनी जुळवलेली अक्षरं मोडली. रविवारी घंटा झाली, रस्त्यावर पावलं वाजली. फिलेना दाराकडे पाहत होती. तिनेच नको म्हटलं होतं, तरी पाहत होती. पाळक आले नाहीत. मंगळवारी ती गेली. एवढं माझं बळ, पण तिच्या हातावर एक तुकडा ठेवणं मला जमलं नाही. मी नुसता उभा राहिलो.

आता त्याच चर्चच्या तळघरात मला मांडून ठेवलंय. लोक मला तेल लावतात, मी छापलेल्या त्या भाकरीच्या लेखाचं कौतुक करतात. मला ते सोसत नाही.

मित्रांनो, माझा गंज पुसा किंवा राहू द्या. पण तुम्ही कुणाला मागे थांबवून ठेवलं असेल, तर तो जिवंत आहे तोवर त्याला पुढे बोलवा. मागाहून मी कितीही चांगलं छापलं, तरी ते त्याला वाचता येत नाही.